बकऱ्या सापडल्या, काजळनाथ राहिला

ताई, नमस्कार.

मी नागपूरच्या मिहानमध्ये नोकरीला आहे. दर दुसऱ्या रविवारी दुपारी प्रतापनगरला एका मित्राच्या घरी आम्ही डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) खेळतो, पाचवी आवृत्ती. टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, बोलून गोष्ट पुढे न्यायची आणि जमलं की नाही ते फाशांवर ठरवायचं, असा खेळ. पाच प्लेयर आणि मी डीएम, म्हणजे जग आणि बाकीची सगळी माणसं चालवणारा. आठ महिने झाले, सगळे चौथ्या लेव्हलला आहेत. जग माझंच, गोंडांच्या गढ्या-किल्ल्यांवरून सुचलेलं. तळ्याखाली एक बुडालेली गढी आहे, आणि काजळनाथ नावाचा मांत्रिक ती जागी करून राहिला आहे. ती जागी झाली की राज्य बुडणार. ही मुख्य कथा.

मधे विरंगुळा म्हणून मी एक साइड क्वेस्ट, म्हणजे मुख्य कथेबाहेरची छोटी कामगिरी, टाकली. वेशीवर एक म्हातारी बसलेली. एका कानानं बहिरी, सगळ्यांना 'पोट्टेहो' म्हणते, एक लंगडी बकरी सोडून तिच्या बाकी बकऱ्या हरवल्या. मला वाटलं, तासाभरात लांडगे मारतील आणि पुढे जातील. पाच सेशन झाले, ताई! बकऱ्या सापडल्या, मग गोठा बांधून झाला, मग तिच्या हातची तर्री चाखून यांनी वेशीवर खानावळच उघडली. आमचा चोर आता गल्ल्यावर बसून हिशेब लिहितो. काजळनाथ तिकडे वाट पाहून राहिला.

मित्राची बायको, म्हणजे वहिनी, साध्वीचं पात्र खेळतात. त्या वैतागल्या आहेत. राज्य बुडणार आहे आणि आपण पोहे विकतो, वरून लेव्हलही मिळत नाही, असं म्हणतात. लेव्हल मी कथेच्या टप्प्यांवर देतो. चोराच्या बॅकस्टोरीवर, म्हणजे त्याच्या आधीच्या आयुष्यावर, एक साइड क्वेस्ट केली, तर तेवढा वेळ बाकीचे चौघं मोबाइल पाहत बसले. रात्र-रात्र जागून लिहिलेल्या एका खाणीत तर कोणी पाऊलच टाकलं नाही.

म्हातारीला मारून टाकू का? काजळनाथाच्या माणसांनी खानावळ जाळली असं दाखवलं तर गाडी रुळावर येईल. की साइड क्वेस्ट बंदच करू?

गांगरलेला डीएम

ताईचं उत्तर

आधी म्हातारीवरचा हात काढ, मग बोलू.

मी एकदा अशी जाळपोळ केली आहे, म्हणून सांगते. धरमपेठेतलं आमचं जुनं घर, मे महिना, कूलर असा धडधडत होता की कॅरेक्टर शीट उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एकेक वाटी पालथी घातलेली. माझ्या प्लेयरांनी खेळात नावेचा धंदा काढला होता. माणसं, गुरंढोरं, एकदा तर अख्खी वरात त्यांनी नदीपार केली. मला त्यांना राजधानीत न्यायचं होतं आणि हे घाट सोडायला तयार नाहीत. मग एका रविवारी मी नाव जाळली. फासा टाकू दिला नाही, आधी कुठे कुणकुण लागू दिली नाही. 'सकाळी उठता तेव्हा घाटावरून धूर येतो आहे', एवढं बोलून मी मोकळी. मला वाटलं, आता पेटून उठतील. टेबलावर कोणी बोललंच नाही. एका मुलीनं वहीत त्या नावेचं चित्र काढलं होतं, फळ्या मोजून. तिनं फासे पिशवीत भरले आणि म्हणाली, "ताई, आवडत नव्हतं तं सांगायचं नं."

ते राजधानीत गेले. मी नेलं म्हणून गेले. पण पुढे वर्षभर त्या मंडळींनी माझ्या जगात कशाला जीव लावला नाही. घोड्याला नाव ठेवलं नाही, सरायवाल्याला 'कसं चाललंय' विचारलं नाही, गाव वाचवलं की पैसे मोजून पुढच्या गावाला. ज्यावर जीव लावावा ते डीएम जाळते, हे त्यांना मीच शिकवलं होतं. ती मुलगी पुन्हा आली नाही.

आता स्वतःचंच पत्र एकदा वाच. म्हातारी एका कानानं बहिरी आहे, पोट्टेहो म्हणते, तिची एक बकरी लंगडी आहे. हे तू न विचारता सांगितलंस. आणि काजळनाथ? त्याला नाव आहे आणि तो राज्य बुडवणार आहे. का बुडवणार, त्या गढीत त्याचं कोण अडकलंय, तो जेवतो काय, एक अक्षर नाही. तुझा मांत्रिक म्हणजे हवामान खात्याचा इशारा झालाय. विदर्भात मुसळधार पावसाची शक्यता. ऐकतात सगळे, छत्री कोणी घेत नाही. तुझे पोट्टे वाट चुकलेले नाहीत रे, त्यांना जिथे माणूस भेटलं तिथे ते थांबले. मुख्य कथेत भेटायलाच कोणी नसेल तर ते तिकडे जातील कशाला?

आणि साइड क्वेस्ट बंद करायच्या म्हणशील, तर आधी वनपर्वातली निम्मी पानं फाडावी लागतील. अर्जुन अस्त्रं आणायला इंद्राकडे गेलेला. आपल्या भाषेत, अर्जुनाचा प्लेयर काही सेशन येणार नव्हता. मागे राहिलेले वनात कंटाळलेले, युधिष्ठिर आपल्या जुगाराला दोष देत बसलेला. तेव्हा बृहदश्व ऋषी येतात आणि नल-दमयंतीची गोष्ट सांगतात. दमयंती आपल्याकडची, विदर्भाची राजकन्या, कुंडिनपूरची. अमरावती जिल्ह्यातलं वर्धेकाठचं कौंडिण्यपूर तेच, असं मानतात. नल फाशांत राज्य हरतो आणि रूप पालटून ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाची पानं-फळं नुसती बघून मोजून दाखवतो, आणि घोड्यांच्या विद्येच्या बदल्यात नलाला फाशांची विद्या देतो. जुन्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत. म्हणजे तुझ्या वीस बाजूंच्या फाशाचा खापरपणजोबा आपल्याकडच्या जंगलात अजून झाडाला लोंबकळून राहिला आहे. (सापडला तर दोन-चार वेचून आण. टेबलावर ठेवायला छान दिसतात. खेळायला अगदीच निकामी, गडगडत कूलरखाली जातात.)

तर गोष्ट संपते आणि बृहदश्व ती विद्या, अक्षहृदय, युधिष्ठिराला देऊन जातात. पुढे अज्ञातवासात युधिष्ठिर विराटाच्या दरबारात काय म्हणून राहतो? राजाशी फासे खेळणारा कंक. ऐकायला बसला होता उगाच वेळ जावा म्हणून, आणि उठला तो वर्षभर लपायची सोय घेऊन.

भीमाचंही तसंच. वाऱ्यानं उडत आलेलं एक सुगंधी कमळ द्रौपदीला आवडलं, आणखी आण म्हणाली. याहून फालतू साइड क्वेस्ट मी तरी लिहिलेली नाही. वाटेत एक म्हातारं वानर आडवं पडलेलं, त्याची शेपटी भीमाला हलवता येईना. तो निघाला हनुमान, म्हणजे वायूचाच मुलगा, म्हणजे थोरला भाऊ. जाताना त्यानं अर्जुनाच्या ध्वजावर बसायचं कबूल केलं. भीम फुलं आणायला गेला होता. आणि बघ, तेव्हाही अर्जुन टेबलावर नव्हता.

तुझी मंडळी बकऱ्या शोधायला गेली आणि खानावळ घेऊन आली. ती कामाला लाव.

ती कशी लावायची, त्यासाठी तुझ्या पत्रातला एक शब्द उचलते. 'काजळनाथ तिकडे वाट पाहून राहिला.' तो कायले वाट पाहील? वहिनींच्या वैतागाचं मूळही इथेच आहे. राज्य बुडणार असं तू सांगितलंस, पाच सेशन गेले, आणि पाणी बोटभर चढलं नाही. घाई खोटी आहे हे सगळ्यांनी ओळखलं. चौघांनी त्याची मजा घेतली, वहिनींना फसल्यासारखं वाटलं.

एका कागदावर भाकरीएवढं वर्तुळ काढ आणि त्याचे सहा भाग कर. खेळातले दहा दिवस गेले की एक भाग काळा करायचा. हा कागद डीएमच्या पडद्यामागे लपवू नको, टेबलाच्या मधोमध ठेव, पोह्यांच्या ताटलीशेजारी. काय भरत चाललंय ते सांगूच नको, नुसता पेनानं रंगव. पुढच्या बैठकीत चोर स्वतःहून हिशेबाची वही मिटेल, बघ.

प्रत्येक भाग भरला की जगात काहीतरी घडलं पाहिजे, आणि ते खानावळीच्या बाकावरून दिसलं पाहिजे. पहिल्या भागाला तळ्यातले मासे काठाशी येऊन मरतात, बाजारात मासळी महागते आणि चोराच्या हिशेबात तूट येते. त्याला काजळनाथाची पर्वा नसली तरी तुटीची आहे. दुसऱ्याला तळ्याकाठची दोन कुटुंबं गाठोडी घेऊन येतात आणि रात्री ओसरीवर टेकू का विचारतात. तिसऱ्या भागाला काजळनाथ स्वतः जेवायला येतो. हो, स्वतः. कोणी ओळखत नाही. सभ्य माणूस, थकलेला, म्हातारीला आई म्हणतो, पैसे सुटे देतो. फक्त पोह्यांवर तर्री नको म्हणतो. नागपूरच्या टेबलावर शत्रू ओळखायला तेवढं पुष्कळ आहे. तो निघून गेल्यावर बाकावर ओल राहते, एवढंच दाखव. चौथ्या भागाला म्हातारीच्या बहिऱ्या कानात घंटा वाजू लागते. चांगल्या कानाला काही नाही, बहिऱ्या कानाला मात्र पाण्याखालच्या गढीची घंटा ऐकू येते, आणि कोणत्या दिशेनं ते ती हात करून दाखवते. आता तुला म्हातारी मारायची आहे का?

पाचवा आणि सहावा आत्ता लिहूच नको. तोवर त्यांनी काय काय करून ठेवलेलं असेल, त्यावर ठरेल.

खानावळीवर संकट आणायचं तर जरूर आण. माझी चूक नाव जाळण्यात कमी आणि धूर आधी न दाखवण्यात जास्त होती. लांबून ज्वाळा दिसू दे, बातमी येऊ दे, दोन दिवस हातात राहू दे. म्हातारीला हलवायचं, की वेशीवर उभं राहायचं, की कोणाला मदतीला बोलवायचं, हे त्यांनी ठरवावं आणि त्यावर फासे पडावेत. एवढं करून गेली तर गेली. त्याचं त्यांना दुःख होईल, पण तुझा राग येणार नाही.

आता वहिनी. लेव्हलबद्दल त्या बरोबर आहेत. हा खेळ 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी आणला तेव्हा अनुभवाचे गुण, ज्यांवर लेव्हल वाढते, ते मुख्यतः खजिन्याचे मिळत, सोन्याच्या एका नाण्याला एक गुण. मग लोक राक्षस झोपलेला असताना त्याच्या उशाखालून थैली काढायला शिकले, त्याच्याशी लढायचं कशाला? तुमच्या आवृत्तीत गुण मोजायचे ठरवले तर चौथी लेव्हल 2700 ला आणि पाचवी 6500 ला, आणि ते बरेचसे मारामारीतून येतात. तसं खेळणारं टेबल वाटेतल्या कोंबडीवरही तलवार काढतं. बक्षीस ठेवशील तिकडे माणसं वळतात. तू टप्पे सगळे काजळनाथाच्या रस्त्यावर ठेवलेस आणि जीव सगळा वेशीवर ओतलास, मग टेबल दुभंगेल नाही तर काय होईल?

यावर माझा उपाय सरळ आहे. तीन आडवाटा, म्हणजे तुझ्या साइड क्वेस्ट, पूर्ण झाल्या की एक टप्पा धरायचा, आणि हे टेबलावर मोठ्यानं सांगून टाकायचं. बकऱ्या, गोठा, खानावळ, झाल्या की तीन. येत्या रविवारी सगळ्यांना पाचवी लेव्हल देऊन टाक. पाचवी म्हणजे मोठी उडी असते. वहिनींच्या साध्वीला तिसऱ्या पातळीचे मंत्र मिळतात, कोणी योद्धा असेल तर तो एका डावात दोन वार करतो. नवीन हत्यार हातात आलं की ते कोणावर चालवायचं ही खाज आपोआप सुटते. काजळनाथाला वेगळं आमंत्रण लागणार नाही.

पण त्याआधी एक विचारते. चोराची बॅकस्टोरी तू पत्रात लिहिलीस. वहिनींच्या साध्वीची काय आहे? तिचं देऊळ कुठलं, गुरू कोण, घर का सोडलं? मला शंका आहे की आठ महिन्यांत हे कोणी विचारलंच नाही. घरात टेबल मांडायला जागा त्या देतात, चहा बहुधा त्याच करतात, आणि खेळात त्यांचं काम इतरांच्या जखमा भरायचं. मीही वैतागले असते. ओसरीवर आलेल्या दोन कुटुंबांपैकी एक तिच्या देवळातलं असू दे. आणि चहा पुढच्या वेळी तू कर.

चोराच्या बॅकस्टोरीत बाकीचे मोबाइल पाहत बसले, त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना तू प्रेक्षक केलंस. अशा दिवशी मी चिठ्ठ्या करते, दोन-दोन ओळींच्या. समज चोराला त्याचा जुना उस्ताद भेटतो. एका प्लेयरला चिठ्ठी: 'तू उस्ताद. पोरगा परत आला याचा आनंद झालाय, पण तसं दाखवायचं नाही.' दुसऱ्याला: 'तू उस्तादाची बायको. नवऱ्यानं या पोराला विकलं होतं, हे तुला माहीत आहे, पोराला नाही.' तिसऱ्याला: 'तू कोतवाल. तुला फक्त हप्ता पाहिजे आणि लवकर घरी जायचंय.' मग डीएमला करायला फारसं काही राहत नाही, पोट्टे एकमेकांनाच पुरून उरतात. आमच्याकडचा सर्वात गाजलेला कोतवाल एका अतिशय लाजाळू मुलानं केला होता. एरवी तो फक्त आकडे सांगायचा. हे चाळीस मिनिटांत आटपायचं, चांगलं चाललं असलं तरी. आणि ज्याची बॅकस्टोरी आहे तो त्या दिवशी आला नसेल तर तिला हात लावायचा नाही, म्हणजे नाहीच. मागून कळलं की आपल्या बापाची भेट आपण नसताना झाली, तर खेळातल्या माणसालाही लागतं.

गैरहजरीचं निघालंच आहे तर, साइड क्वेस्टची खरी जागा तीच. मिहानमधल्या शिफ्टा, लग्नाचे मुहूर्त, कोणाची परीक्षा, पाचही जण जमणारे रविवार वर्षात किती येतात ते तूच मोज. तिघंच आले म्हणून बैठक रद्द करू नको आणि तिघांना घेऊन मुख्य कथाही पुढे ढकलू नको. त्या दिवशी एका बैठकीत संपणारी आडवाट काढायची. व्यासांनी तेच केलं.

तयारी अर्ध्या पानाची. कोणाला काय हवंय, ते का मिळत नाही, आणि आपल्या मंडळींनी काहीच केलं नाही तर काय होईल. तिसरा प्रश्न सगळे विसरतात, आणि साइड क्वेस्ट जिवंत राहते ती त्याच्यावर. खाण रात्र-रात्र जागून लिहिलीस, तिथेच चुकलास. इतकं लिहिलं की ती दाखवायची हाव सुटते. आणि एका वेळी तीनच आडवाटा उघड्या ठेव. बख्त बुलंद शाहनं बारा वस्त्या जोडून आपलं नागपूर वसवलं म्हणतात, पण तो राजा होता, त्याच्याकडे कारभारी होते. बैठक संपताना विचारायचं, पोट्टेहो, पुढच्या वेळी कुठे जाणार? उत्तर येईल तेवढंच लिहायचं.

सुचत नसेल तर एखाद्या दुपारी अजब बंगल्यात जाऊन ये. 1863 पासूनच्या त्या संग्रहालयात कोणत्याही एका कपाटासमोर उभं राहायचं आणि विचारायचं, ही वस्तू इथे कोणी आणून ठेवली आणि ती कोणाला परत हवी आहे? अर्ध पान तिथेच भरतं.

लांडग्यांबद्दल थोडक्यात. तुमच्या आवृत्तीचे 2014 चे नियम दिवसाला सहा ते आठ चकमकी धरून बेतलेले होते. आडवाटेवर तू एकच चकमक ठेवतोस. मंडळी सगळे मंत्र त्या बिचाऱ्या लांडग्यांवर ओततात, आठ तास झोपतात आणि ताजीतवानी उठतात. पाचव्या लेव्हलनंतर तर लांडग्याचा कोळसाच होईल. आडवाटेत अडचण दुसरी शोध. शब्द दिलेला आहे आणि तो पाळायला पैसे नाहीत. दोघांनाही बकरी आपलीच वाटते आणि दोघांचंही खरं आहे. माझ्या टेबलावर लढाई चार-पाच जणांत पाऊण तास खाते. तो पाऊण तास काजळनाथासाठी राखून ठेव.

राहिली खाण. कोणी पाहिलीच नसेल तर ती कुठे होती हे फक्त तुला माहीत आहे. उचल आणि तळ्याखालच्या गढीचं तळघर कर, भिंती ओल्या कर, झालं. मात्र त्यांनी ऐकून-सवरून 'खाणीत जायचं नाही' असं ठरवलं असेल, तर तीच खाण दुसऱ्या नावानं समोर आणू नको. असं केलंस की ते नाही म्हणायचंच सोडून देतात, आणि मग टेबलावर तू एकटाच खेळत असतोस.

एक गोष्ट तुला द्यायची राहिली होती, ही माझ्या वहीतली आहे, वापर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तू नागपुरात मारबत, ती पुतळ्यांची मिरवणूक, पाहिली असशीलच. काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून, आणि त्यांच्यासोबत वर्षभरात ज्यानं ज्यानं लोकांना छळलं त्याचे बडगे, म्हणजे पुतळे. तुझ्या राज्यातही अशी मिरवणूक असू दे. मंडळी एखाद्या जुन्या गावात परत जातात, गर्दी, ढोल, 'इडा पिडा घेऊन जाय गे मारबत', आणि समोरून पाच बडगे येतात. एकाच्या हातात हिशेबाची वही, एकीच्या गळ्यात माळ. हे आपणच, हे कळायला टेबलाला थोडा वेळ लागेल. त्या गावात पाच-सहा सेशनांपूर्वी ते काहीतरी अर्धवट सोडून आले होते. प्रत्येक टेबलानं सोडलेलं असतं, तुझ्या नोंदी चाळ. मी हे केलं तेव्हा माझी मंडळी खुर्चीतून उठली होती. जी वाट ते विसरले होते, तिच्यावर ते आपल्या पायांनी परत गेले, आणि मला एक शब्दही बोलावा लागला नाही.

येत्या रविवारी खेळ सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं फासे बाजूला ठेव. सांग की काजळनाथ थांबलेला नाही, आणि विचार की खानावळ ठेवायची आहे का. ठेवायची म्हणतील. वहिनींना शेवटी विचार, आणि त्या बोलत असताना पानं चाळू नको.

मग मला पुन्हा लिही. काजळनाथाबद्दल चार ओळी, म्हातारीबद्दल लिहिल्यास तशा. तो कोणत्या कानानं बहिरा आहे ते कळव.